बोलीतल्या गाण्याने जिंकलेला हंगाम

8 मार्च 2025 ची रात्र. स्टॉकहोमला लागून असलेल्या सोलना शहरातलं स्ट्रॉबेरी अरीना एरवी फुटबॉलचं स्टेडियम. त्या रात्री ते गाण्यासाठी खचाखच भरलं होतं. स्वीडनच्या 'मेलोडिफेस्टिवालेन' या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेची अंतिम फेरी होती आणि निकाल बहुतेकांनी मनाशी ठरवूनच टाकला होता. दहा वर्षांपूर्वी हीच स्पर्धा आणि पाठोपाठ युरोव्हिजनही जिंकलेला मॉन्स सेल्मर्लोव्ह 'रेव्होल्यूशन' हे इंग्रजी गाणं घेऊन परत आला होता. देखणा, सरावलेला, कॅमेऱ्याशी कसं खेळायचं ते पुरतं ठाऊक असलेला गायक. सट्टेबाजारात त्याचंच नाव सगळ्यांत वर होतं.

जिंकले मात्र दुसरेच. फिनलंडमधल्या एका लहानशा गावाकडचे तीन विनोदवीर, गाण्याचा विषय सॉना, म्हणजे वाफेची खोली, आणि भाषा त्यांच्या गावाकडची स्वीडिश बोली. 'काई' या त्रिकुटाला 164 गुण मिळाले, मॉन्सला 157. सात गुणांच्या फरकाने स्वीडनने युरोपपुढे न्यायचं गाणं निवडलं, आणि ते गाणारे तिघे स्वीडनचे नागरिक म्हणून वाढलेलेही नव्हते.

बातमी म्हणून ही गंमत आहे. पण असं कसं घडलं याचं उत्तर शोधायला गेलं, तर गाण्याइतकंच लक्ष स्पर्धेच्या नियमांकडे द्यावं लागतं. कोणती भाषा चालते, कोण मत देतं, मतं कशी मोजली जातात, या कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींनीच 2025 चा हंगाम घडवला.

शनिवारची संध्याकाळ

युरोव्हिजन ही युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांची गाण्याची स्पर्धा. 1956 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे ती सुरू झाली. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो; ते कसं निवडायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही देशांत चार अधिकारी बसून नाव पक्कं करतात. स्वीडनने 1958 मध्ये पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा तिथेही असंच झालं. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, निवडीसाठी जाहीर स्पर्धा घेतली गेली आणि 1967 पासून ती मेलोडिफेस्टिवालेन या नावाने ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी तिचं नाव 'मेलो'.

आज मेलो ही निवडचाचणी राहिलेली नाही, ती हिवाळ्यातला सण झाली आहे. ती भरवते एसव्हीटी ही जाहिराती न दाखवणारी सार्वजनिक दूरचित्रवाणी. फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत दर शनिवारी रात्री घराघरांत ती लागते. शनिवार हा स्वीडनमधल्या मुलांचा ठरलेला गोळ्या-चॉकलेटांचा वार. त्या पुड्या समोर घेऊन मुलं, आईवडील, आजीआजोबा एकाच सोफ्यावर बसतात. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशात अंतिम फेरी तीस लाखांच्या वर लोक पाहतात. बाहेर अंधार, बर्फ आणि उणे तापमान असताना दुसरीकडे जायचं तरी कुठे!

हे आजचं रूप 2002 पासूनचं. त्याआधी स्पर्धा एकाच रात्रीत उरकत असे. क्रिस्तर ब्योर्कमन या गायकाने तिची सूत्रं हाती घेतली आणि ती गावोगावी फिरवली. हा ब्योर्कमन स्वतः 1992 चा विजेता. पण युरोव्हिजनमध्ये मायदेशात, माल्मो शहरातच, तो शेवटून दुसरा आला होता. त्या फटक्याची त्याने पुढे चांगली परतफेड केली. आइस हॉकीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्राथमिक फेऱ्या, दर आठवड्याला नवं शहर, वर्तमानपत्रांत रोज नवी चर्चा, असा दीड महिन्याचा माहोल त्याने उभा केला.

2025 मध्ये हा ताफा उत्तरेच्या लूलेओपासून निघाला. मग गोथेनबर्ग, वेस्तेरोस, माल्मो, यॉन्शॉपिंग आणि शेवटी सोलना. पाच प्राथमिक फेऱ्या, प्रत्येकीत सहा गाणी, एकूण तीस. त्यांतली बारा अंतिम फेरीत. सूत्रसंचालन एडविन तॉर्नब्लूम आणि कीयो या दोन विनोदी कलाकारांकडे होतं. स्पर्धकांत 'द साउंड्स' या रॉक बँडची गायिका माया इवारसन होती, 2019 चा विजेता जॉन लुंडविक होता, भडक वेशातल्या डिस्को मुलींपासून मेटलपर्यंत सगळे बाज होते. काही गाणी खुल्या प्रवेशिकांमधून निवडलेली, काहींसाठी एसव्हीटीने स्वतःहून कलाकारांना बोलावलेलं. एक बंधन युरोव्हिजनकडून आलेलं: गाणं तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये.

भाषेचं जाणं-येणं

या स्पर्धेत भाषेचा प्रश्न जुना आहे आणि तो उपस्थित करण्यात स्वीडनचाच हात आहे. 1965 मध्ये नेपल्सला झालेल्या युरोव्हिजनमध्ये इंगवार विक्सेल या स्वीडिश ऑपेरा गायकाने चक्क इंग्रजीत गाणं म्हटलं. तोवर प्रत्येकाने आपापल्या देशाच्या भाषेत गायचं, हे सगळे न सांगताच पाळत होते. त्या प्रकारावर कुरबुर झाली आणि 1966 पासून देशाच्याच भाषेत गाण्याचा नियम लेखी आला. 1973 ते 1976 या चार वर्षांत तो सैल होता. त्याच फटीतून 1974 मध्ये आबा या चौकडीने ब्रायटनला 'वॉटर्लू' इंग्रजीत गायलं आणि जगाचं दार उघडलं. घरच्या स्पर्धेत मात्र त्यांनी ते स्वीडिशमध्येच म्हटलं होतं.

1977 ला नियम परत आला. त्या काळात स्वीडनने स्वीडिशमध्ये गाऊन दोनदा बाजी मारली: 1984 मध्ये हेरीज या तीन भावांनी आणि 1991 मध्ये कारोलाने. म्हणजे स्वीडिश भाषेत युरोप जिंकता येत नाही, असं काही नव्हतं. तरी 1999 मध्ये भाषेचं बंधन कायमचं उठलं आणि त्याच वर्षी शार्लोट निल्सनने घरी स्वीडिशमध्ये जिंकलेलं गाणं जेरुसलेमला इंग्रजीत गाऊन पहिला क्रमांक पटकावला. स्वीडिश संगीतव्यवसायाने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. पुढची काही वर्षं घरात स्वीडिश, बाहेर इंग्रजी अशी दुहेरी पद्धत चालली. 2002 पासून मेलोमध्येही इतर भाषांना मुभा मिळाली, आणि गाणी मुळातच इंग्रजीत लिहिली जाऊ लागली. 2006 मध्ये कारोला स्वीडिश गाण्यावर जिंकली, पण अथेन्सला तेही इंग्रजी होऊन गेलं. त्यानंतर 2025 पर्यंत मेलोमध्ये स्वीडिश गाणं जिंकलंच नाही. 2009 मध्ये ऑपेरा गायिका मालेना एर्नमनने इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच ओळी गायल्या. त्यामुळे 1999 नंतरच्या पाव शतकात युरोव्हिजनच्या मंचावर स्वीडनकडून फ्रेंच ऐकू आलं, स्वीडिश नाही.

यामागे न्यूनगंड होता असं म्हणणं अपुरं ठरेल. स्वीडनसाठी गाणी हा निर्यातीचा माल आहे. डेनिझ पॉप आणि त्याचा शिष्य मॅक्स मार्टिन यांनी स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओतून 1990 च्या दशकात अमेरिकी पॉपला आकार दिला. बॅकस्ट्रीट बॉईज आणि ब्रिटनी स्पीअर्स यांची गाजलेली गाणी तिथली. गावोगावच्या नगरपालिकांच्या संगीतशाळांमुळे वाजवणारे हात भरपूर, आणि इंग्रजी सगळ्यांनाच येतं. युरोव्हिजनमध्येही स्वीडिश संगीतकार दुसऱ्या देशांना गाणी पुरवतात. 2011 मध्ये अझरबैजान जिंकला, त्या गाण्याच्या रचनाकारांत स्वीडिश माणसं होती. थोमास गेसन या संगीतकाराने तर कितीतरी देशांसाठी गाणी केली. 2012 मध्ये बाकूच्या युरोव्हिजनमध्ये स्वीडनच्या लोरीनने जिंकलेलं 'युफोरिया' हे त्याचं आणि पीटर बोस्ट्रॉमचं.

1974, 1984, 1991, 1999, 2012, 2015 आणि 2023 अशी सात विजेतेपदं स्वीडनच्या नावावर आहेत. तेवढी फक्त आयर्लंडकडे. या यशातून एक साचा तयार झाला: सफाईदार इंग्रजी पॉप, घासूनपुसून लख्ख केलेलं निर्मितिमूल्य, कॅमेऱ्याच्या चौकटीत मोजूनमापून बसवलेलं सादरीकरण. 2025 मध्ये मॉन्सचं गाणं त्या साच्यातून निघालं होतं आणि साचा यशस्वी होता, म्हणूनच पैजा त्याच्यावर लागल्या होत्या.

मत कोणाचं, वजन किती

आता मतमोजणी. 2010 मध्ये स्वीडनला मोठा धक्का बसला. त्या वर्षीचं गाणं युरोव्हिजनच्या अंतिम फेरीतही पोहोचलं नाही. स्वीडनवर अशी वेळ तेव्हाच आली. घरी आवडणारं गाणं आणि बाहेर चालणारं गाणं यांत अंतर पडतंय, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2011 पासून अंतिम फेरीच्या परीक्षकांत स्वीडिश माणूस ठेवायचाच नाही, सगळे परीक्षकगट परदेशी, अशी व्यवस्था झाली. पुढच्याच वर्षी लोरीन जिंकली, तीन वर्षांनी मॉन्स.

निकालाचा दुसरा अर्धा वाटा प्रेक्षकांचा. पूर्वी फोनवरूनच मत देता येई, त्याला पैसे पडत. 2015 पासून मोबाइल अॅपमधून फुकट मत देण्याची सोय झाली. पडद्यावर हृदयाचं चिन्ह धडधडत असतं आणि एका गाण्याला एका फोनवरून पाच वेळा ते दाबता येतं. फुकट मतांचा ओघ वाढला तसं सगळीच गाणी सगळ्यांना आवडल्यासारखी दिसू लागली. आकडे इतके जवळ आले की प्रेक्षकांचं मत निकालात फारसा फरकच पाडेना.

त्यावर 2019 मध्ये तोडगा निघाला. अॅपवरच्या मतदारांची वयानुसार सात गटांत विभागणी झाली: 3 ते 9, 10 ते 15, 16 ते 29, 30 ते 44, 45 ते 59, 60 ते 74 आणि 75 च्या पुढे. फोनवरून मत देणाऱ्यांचा आठवा गट. अंतिम फेरीत प्रत्येक गट एका परीक्षकमंडळासारखा 12, 10, 8, 7 असे उतरत्या क्रमाने 1 पर्यंत गुण देतो. समोर आठ परदेशी परीक्षकगट, त्यांचीही तीच पद्धत. एक गट एकूण 58 गुण वाटतो; म्हणजे परीक्षकांचे 464 आणि प्रेक्षकांचेही 464. एका गाण्याला जास्तीत जास्त 192 गुण मिळू शकतात, त्यांपैकी 96 प्रेक्षकांकडून.

या मांडणीत मोठा अर्थ दडलेला आहे. समजा, एखाद्या गायकावर सोळा ते एकोणतीसच्या वयातली मुलंमुली तुटून पडली आणि त्यांनी लाखो हृदयं दाबली, तरी तो गट 12 च्या वर गुण देऊच शकत नाही. उलट पाच वर्षांच्या मुलांनी आणि ऐंशीच्या आजोबांनी मिळून एखादं गाणं उचललं, तर त्यांच्या दोन गटांतून 24 गुण येतात. एका वयात वेड लावणाऱ्या गाण्यापेक्षा सगळ्या वयांत खपणाऱ्या गाण्याला ही पद्धत झुकतं माप देते. 2019 मध्येच याचा नमुना दिसला: लुंडविकला आठही गटांनी पूर्ण 12 गुण दिले, 96 पैकी 96.

लुंडविकचं गाणं गॉस्पेलच्या अंगाचं, इंग्रजी होतं. त्याच नियमांमधून सहा वर्षांनी बोलीतलं विनोदी गाणं पुढे येईल, हे नियम करणाऱ्यांच्याही मनात नसणार. पण नियमाला भाषा कळत नाही. त्याला कळतं ते इतकंच की किती प्रकारच्या माणसांना हे गाणं आवडलं.

व्होरोचे तिघे

काईमधले तिघे म्हणजे केविन होल्मस्ट्रॉम, अॅक्सेल ओमन आणि याकोब नोरगोर्ड. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून गटाचं नाव झालं. ते आले फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओस्टरबॉटन भागातल्या व्होरोहून. वस्ती सहा हजारांच्या आसपास. जवळचं मोठं शहर वासा. 2009 पासून तिघं मिळून विनोदी गाणी, प्रहसनं आणि रंगमंचीय प्रयोग करत आले होते. फिनलंडच्या स्वीडिशभाषक वर्तुळात त्यांचं नाव चांगलंच होतं. बोथनियाच्या आखातापलीकडे, खुद्द स्वीडनमध्ये, त्यांना फार थोडे ओळखत.

फिनलंडमध्ये स्वीडिश कुठून आलं, हे थोडं सांगायला हवं. शेकडो वर्षं फिनलंड हा स्वीडिश राज्याचाच पूर्वेकडचा भाग होता. 1809 मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला आणि 1917 मध्ये स्वतंत्र झाला. राज्य गेलं, किनाऱ्यावरची स्वीडिशभाषक गावं तिथेच राहिली. आज फिनलंडच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे, पण स्वीडिशला फिनिशच्या बरोबरीने राष्ट्रभाषेचा दर्जा आहे. मूमिन या गोड प्राण्यांच्या कथा लिहिणारी तोवे यान्सन याच समाजातली, आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सही. स्टॉकहोमच्या माणसाला फिनलंडची स्वीडिश कळते, फक्त तिचा हेल वेगळा लागतो. व्होरोकडची बोली ही त्याच्याही पुढची पायरी: जुनी वळणं राखून असलेली, प्रमाण स्वीडिश बोलणाऱ्याला अर्धीमुर्धीच समजणारी. तंजावरी मराठी बोलणाऱ्या तिघांनी ती जशीच्या तशी घेऊन मुंबईत गावं आणि महाराष्ट्राने त्यांना आपला प्रतिनिधी नेमावं, असा काहीसा हा प्रकार होता.

गाण्याचं नाव 'बारा बादा बास्तू', म्हणजे बस, सॉना घ्यायचा. तिघांच्या जोडीला अँडर्स व्रेथोव्ह, क्रिस्तोफर स्ट्रँडबर्ग आणि रॉबर्ट स्कोव्रोन्स्की यांनी ते रचलं. व्रेथोव्ह हा मेलोच्या गाण्यांत मुरलेला माणूस. बोली गावची असली तरी बांधणी कसलेल्या हातांची होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. अकॉर्डियनचा ठेका, मधूनच फिनिशमधली एक-दोन-तीनची मोजणी, पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसणारं धृपद. मंचावर लाकडी सॉनाचा देखावा, वाफ, कमरेला टॉवेल गुंडाळलेले नर्तक आणि या सगळ्यात सूट घालून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता गाणारे तिघे. विनोद होता तो त्या गंभीरपणात.

विषयही नेमका होता. सुमारे 55 लाखांच्या फिनलंडमध्ये तीस लाखांहून अधिक सॉना आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक घराला एक. लाकडाची खोली, ऐंशी ते शंभर अंश सेल्सियसच्या घरातलं तापमान, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की उसळणारी वाफ, बर्चच्या डहाळ्यांची जुडी अंगावर मारून घ्यायची, आणि जमलं तर बाहेर जाऊन थंडगार तळ्यात किंवा बर्फात उडी. खोलीत मालक आणि नोकर, मंत्री आणि सुतार सगळे सारखेच उघडे बसतात. 2020 मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉनासंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. स्वीडिश लोकांनाही सॉना प्रिय आहे, म्हणून गाणं त्यांना परकं वाटलं नाही. लहान मुलांना ठेका आणि टॉवेलवाले नर्तक आवडले, म्हाताऱ्यांना अकॉर्डियन आणि विषय. मतमोजणीच्या आठ खणांना हवं होतं ते नेमकं हेच.

22 फेब्रुवारीला माल्मोच्या प्राथमिक फेरीत हे गाणं पहिल्यांदा मंचावर आलं आणि थेट अंतिम फेरीत पोहोचलं. पुढच्या दोन आठवड्यांत ते शाळांच्या आवारात, कचेऱ्यांत आणि फोनवर पसरलं. स्वीडनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, फिनलंडमध्येही. तरीही सोलनाच्या रात्रीपर्यंत जाणकार म्हणत होते, की लोक अशा गाण्यावर हसतात, नाचतात, आणि मत दुसऱ्याला देतात.

लिव्हरपूलची उधारी

स्वीडन आणि फिनलंड या शेजाऱ्यांचं नातं प्रेमाचं आणि खुन्नसचंही. आइस हॉकीत एकमेकांना हरवण्याइतका आनंद त्यांना दुसरा कशाचा नसतो. दोन्ही देशांमधला मैदानी खेळांचा सामना 1925 पासून चालत आला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हजारो फिनिश कामगार स्वीडनच्या कारखान्यांत आले. आज फिनिश ही स्वीडनची मान्यताप्राप्त राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषा आहे.

या नात्यावर 2023 मध्ये नवा ओरखडा उमटला होता. लिव्हरपूलच्या युरोव्हिजनमध्ये फिनलंडचा रॅपर कॅरिया हिरव्या फुगीर बाह्यांचं जाकीट घालून 'चा चा चा' हे फिनिश भाषेतलं गाणं गायला. प्रेक्षकांनी त्याला 376 गुण दिले आणि स्वीडनच्या लोरीनला 243. परीक्षकांनी मात्र लोरीनला 340 आणि कॅरियाला 150. बेरीज 583 विरुद्ध 526. लोरीन जिंकली, दोनदा युरोव्हिजन जिंकणारी पहिली स्त्री ठरली, आणि सभागृहात कॅरियाच्या नावाचा घोष थांबेना. फिनलंडमध्ये लोकांना वाटलं, आपलं विजेतेपद परीक्षकांनी नेलं. त्यांच्या तक्रारीत तथ्य किती हा मुद्दा वेगळा. पण सफाईदार इंग्रजी पॉपला परीक्षकांचा ओढा आणि देशी भाषेतल्या बेधडक गाण्याला लोकांचा, ही दरी त्या आकड्यांनी सगळ्या युरोपला दाखवली.

दोन वर्षांनी तशीच दरी स्वीडनच्या स्वतःच्या घरात उघडली. सोलनाला परदेशी परीक्षकांच्या गुणांत मॉन्स पुढे होता. प्रेक्षकांच्या गुणांत काई. पण 2023 पेक्षा एक फरक होता आणि तो निर्णायक ठरला. प्रेक्षकांकडून कोणालाही 96 च्या वर गुण मिळूच शकत नाहीत. काईची बेरीज 164, म्हणजे परीक्षकांनीही त्यांना किमान 68 गुण दिले होते. ज्यांना बोलीतला शब्द कळत नव्हता, स्वीडन-फिनलंडच्या चेष्टामस्करीचा गंधही नव्हता, अशा परदेशी माणसांनी नुसतं तीन मिनिटांचं सादरीकरण पाहून दिलेले हे गुण आहेत. म्हणून 'प्रेक्षकांनी गंमत म्हणून निवडलं' हे स्पष्टीकरण टिकत नाही. परीक्षकांनी काईला मागे ढकललं असतं, तर नुसत्या लोकांच्या जोरावर ते जिंकले नसते.

बाझलपर्यंत

एरवीचं वर्ष असतं, तर पुढची पायरी ठरलेली होती: गाणं इंग्रजीत करा. यावेळी ते झालं नाही. 17 मे 2025 ला स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात झालेल्या युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत गाणं आपल्या मूळ बोलीतच म्हटलं गेलं. 1998 नंतर पहिल्यांदाच स्वीडनकडून युरोव्हिजनमध्ये स्वीडिश गाणं आलं, आणि ते गायलं फिनलंडच्या माणसांनी. सट्टेबाजारात आठवडेच्या आठवडे तेच आघाडीवर होतं.

जिंकला ऑस्ट्रियाचा जेजे, ऑपेरातल्या उंच पट्टीच्या आवाजावर. काईला चौथा क्रमांक मिळाला. एकूण 321 गुण: प्रेक्षकांचे 195, परीक्षकांचे 126. इथेही कल तोच. पण चौथा क्रमांक म्हणजे अपयश असं कोणी म्हटलं, तर त्याला एक आठवण करून द्यावी लागेल. अनेक वर्षं सफाईदार इंग्रजी गाणी पाठवूनही स्वीडन चौथ्याच्या बऱ्याच खाली गेला आहे. बोलीमुळे युरोपात गाणं चालणार नाही, ही भीती तरी त्या रात्री खोटी ठरली.

या हंगामातून काढायचा निष्कर्ष जपून काढला पाहिजे. इंग्रजीचा काळ संपला, असं काही झालेलं नाही. स्वीडनचा गाण्यांचा कारखाना इंग्रजीतच चालतो आणि चालत राहील. बोली आहे म्हणून गाणं जिंकतं, असंही नाही; बोलीतली कितीतरी गाणी प्राथमिक फेरीतच संपली असती. या गाण्याच्या पाठीशी सोळा वर्षं एकत्र काम केलेले तिघे होते, मुरलेले संगीतकार होते, आणि सगळ्या वयांच्या लोकांना सारखं वजन देणारी मतपद्धती होती. ही तिन्ही एकत्र आली तेव्हा गावाकडची भाषा अडचण राहिली नाही, उलट तीच गाण्याची ओळख ठरली. बाकीची अकरा गाणी जगातल्या कुठल्याही शहरातून येऊ शकली असती. हे फक्त व्होरोहूनच येऊ शकत होतं.

टीव्हीवरची गायनस्पर्धा पाहताना आपण गायकांवर वाद घालतो, परीक्षकांवर चिडतो. त्याऐवजी पुढच्या वेळी आधी नियमांचा कागद वाचा. मत कोण देतं, एका माणसाच्या मताचं वजन किती, लहानथोरांची मतं एकाच ढिगात जातात की वेगळी मोजली जातात, एवढं समजून घ्या. कोणतं गाणं जिंकू शकतं याचा निम्मा निकाल त्या कागदावर आधीच लागलेला असतो.